यादीतला पहिला मतदारसंघ : साक्रीपासून नर्मदेपर्यंत

महाराष्ट्रातल्या लोकसभा मतदारसंघांच्या यादीत पहिला क्रमांक नंदुरबारचा. विधानसभेच्या यादीत पहिलं अक्कलकुवा, तेही याच मतदारसंघातलं. मतदान केंद्रांच्या यादीत पहिलं नाव नर्मदाकाठच्या मणिबेलीचं. बाकीच्या बहुतेक याद्यांत मात्र नंदुरबार शोधायला खालून सुरुवात करावी लागते. २०१८ साली केंद्र सरकारने मागे पडलेल्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ असं गोंडस नाव दिलं, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत हा होताच.

पुण्या-मुंबईच्या राजकीय गप्पांत नंदुरबार एका वाक्यात निकालात निघतं : ‘तिथला आदिवासी डोळे झाकून काँग्रेसला मत देतो.’ वाक्य आकड्यांना धरून होतं, अगदी खोटं नव्हतं. १९६७ ते २००९ इथे दुसऱ्या कुठल्या पक्षाचा खासदार झाला नाही. १९७७ मध्ये देशभर काँग्रेस उताणी पडली, तेव्हाही नंदुरबार शाबूत राहिलं. पण २०१४ आणि २०१९ ला भाजप जिंकला. २०२४ च्या जूनमध्ये काँग्रेस तब्बल १ लाख ५९ हजारांनी परत आली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात याच मतदाराने सहापैकी पाच आमदार महायुतीचे निवडून दिले. डोळे झाकून मत देणाऱ्याला एवढी वळणं कशी घेता येतील? तेव्हा २०२५ च्या जानेवारीत, मिरचीचा हंगाम असताना, निघालो.

रविवार : साक्री, कोंडाईबारी

मतदारसंघ सहा तुकड्यांचा. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर हे नंदुरबार जिल्ह्यातले. साक्री आणि शिरपूर धुळे जिल्ह्यातले. सहाच्या सहा अनुसूचित जमातींसाठी राखीव. मी धुळ्याकडून आलो, म्हणून साक्री आधी लागलं. दूर पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा फिरत होत्या आणि रस्त्याकडेला कांद्याच्या गोण्या ट्रकची वाट बघत पडल्या होत्या.

एसटी स्टँडासमोरच्या चहावाल्याने मतदारसंघाची अडचण मला अर्ध्या मिनिटात समजावली : “कलेक्टर धुळ्याचा, खासदार नंदुरबारचा. आम्ही मधल्या मधे.” १९९८ च्या जुलैमध्ये नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला, तेव्हा साक्री धुळ्यातच राहिलं, लोकसभेला मात्र नंदुरबारला जोडलेलं. खासदाराच्या बैठका एका जिल्ह्यात आणि फायली दुसऱ्या जिल्ह्यात, असा हा संसार आहे. साक्रीत प्रचाराला सगळे येतात, नंतर कोणी फिरकत नाही, ही तक्रार मी तिथे असेपर्यंत वेगवेगळ्या तोंडांनी ऐकली. त्यापलीकडे साक्रीने फारसं काही हाती लागू दिलं नाही.

दुपारी सुरतेच्या रस्त्याने कोंडाईबारीचा घाट उतरलो. घाटाच्या वर खान्देश आहे, खाली उतरलं की सागाचं जंगल, विसरवाडी आणि दुकानांवर गुजराती पाट्या.

सोमवार : नवापूर

नवापूरचं रेल्वे स्टेशन बघायलाच हवं. सुरत-भुसावळ मार्गावरच्या या स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते. फलाटावर एक बाकडं आहे, त्याच्या मधोमध रेघ. एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात. तिकीटखिडकी आपल्याकडे, स्टेशनमास्तर गुजरातेत. मी बसलो तेव्हा गुजरातच्या बाजूला एक बाई पोर मांडीवर घेऊन डाळ्या खात होत्या. त्यांचं मत कुठे, असं विचारलं. हसून त्यांनी बोट महाराष्ट्राकडे केलं. कामाला मात्र बारडोलीला निघाल्या होत्या, ऊसतोडीला. या भागातली माणसं दिवाळी झाली की उसाला, बांधकामाला गुजरातेत उतरतात आणि होळीला परततात. मतदान उन्हाळ्यात पडलं तर गावात माणूस सापडतो; हिवाळ्यातल्या निवडणुकीत उमेदवाराला ट्रक पाठवून मतदार आणावे लागतात.

दिल्लीच्या दृष्टीने नंदुरबार म्हणजे कैक वर्षं नवापूर तालुकाच होता. १९७७ आणि १९८० ला सुरूपसिंग नाईक खासदार झाले. ते राज्यात मंत्री म्हणून गेले, १९८१ ला पोटनिवडणूक लागली आणि माणिकराव होडल्या गावित निवडून आले. ते पुढे २००९ पर्यंत दर निवडणुकीत येतच राहिले, एकूण नऊ वेळा. दोघेही याच तालुक्याचे. म्हणजे १९७७ ते २०१४ अशी ३७ वर्षं खासदारकी एका तालुक्याबाहेर गेली नाही.

एका निवृत्त शिक्षकांच्या ओट्यावर संध्याकाळ गेली. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही म्हटलं. मी विचारलं, “गुरुजी, नऊ वेळा एकाच माणसाला? का?” त्यांनी तंबाखू मळता मळता सांगितलं, “दिल्लीत काय बोलले ते आम्हाला ठाऊक नाही. फार बोलत नव्हते, असंच ऐकून आहे. पण मयतीला यायचे. सालदाराच्या मयतीलासुद्धा. आणि जातीच्या दाखल्यासाठी पोरगं तालुक्याला अडकलं, तर त्यांच्या घरी जाऊन जेवून, दाखला घेऊनच परत यायचं.” माणिकराव ग्रामपंचायतीतून वर आले, पुढे केंद्रात गृहराज्यमंत्री झाले. गुरुजींना मात्र मंत्रिपद आठवतच नव्हतं, त्या घरचं जेवण आठवत होतं.

मग हे संपलं कधी? २०१४ ला, मोदी लाटेत, असं सगळे म्हणतात. मला गुरुजींचं म्हणणं जास्त पटलं. ते म्हणाले, “भाऊ, भिंतीला चीर २००९ लाच पडली. त्या साली माणिकराव जेमतेम ४० हजारांनी आले. समोर कोण? शरद गावित. पक्ष कुठला? समाजवादी!” या भागात समाजवादी पक्षाची सायकल कोणी पाहिली नव्हती, तरी तिला २ लाख ३५ हजार मतं पडली. त्याच वर्षी विधानसभेला नवापुरात याच शरद गावितांनी सुरूपसिंग नाईकांसारख्या जुन्या गड्याला पाडलं. मतदार पंजाला बांधला गेलाय, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता. मत एका दारातून उठून दुसऱ्या दाराकडे चाललं होतं. लखनौहून आलेलं चिन्ह त्याला वाटेत सापडलं, एवढंच. पाच वर्षांनी शरद गावितांच्याच घराण्यातली मुलगी, हीना, कमळावर उभी राहिली, तेव्हा निम्मा रस्ता आधीच चालून झाला होता.

नवापूरची दुसरी ओळख कोंबड्यांची. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू इथे सापडला आणि लाखो पक्षी मारून पुरले. शेडचे मालक बहुतेक बिगर-आदिवासी, त्यात राबणारे आदिवासी. राखीव मतदारसंघात आमदार-खासदार आदिवासी असतात आणि पैसा दुसऱ्यांच्या हातात असतो, ही गोष्ट पुढच्या प्रत्येक गावात वेगळ्या वेषात भेटली.

मंगळवार : नंदुरबार

पॅसेंजरने नंदुरबारला उतरलो तोच नाकाला झिणझिण्या. गावाबाहेर मिरचीच्या पथारी पसरलेल्या असतात. मैदानंच्या मैदानं लाल. तिथे ओळीने बसलेल्या बाया मिरचीचे देठ खुडतात. तोंडाला फडकं, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, तरी बोटांची आग होतेच. एकीने रात्री हात ताकात बुडवून झोपते म्हणून सांगितलं. दुसरीने लगेच दुरुस्ती केली, “ताक कुठलं! थंड पाणी.” मजुरी किलोवर.

त्यांच्यात मतांचा विषय काढला आणि पथारीवर फूट पडली. लोकसभेला बहुतेकींनी पंजा दाबलेला. का, तर ‘घटना बदलणार, आपलं आरक्षण जाणार’ हे वाडीवाडीत पोचलं होतं. धनगर समाजाला आदिवासींच्या यादीत घालणार, ही भीती त्यात मिसळलेली. मणिपूरच्या बायांचा व्हिडिओ त्यांच्या मोबाइलवर आला होता. मणिपूर कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ‘आपल्यासारख्याच बाया’ एवढं सगळ्यांना माहीत होतं. मग विधानसभेला? एक म्हातारी देठ खुडता खुडता म्हणाली, “तवा घटना होती, मंग पंधराशे होते.” ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीणचे पैसे खात्यात पडू लागले होते. बाकीच्या हसल्या. ती हसली नाही, तिच्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. खासदार घटनेसाठी, आमदार घरखर्चासाठी : इतका सरळ हिशोब मी कुठल्याही विश्लेषकाच्या तोंडून ऐकला नव्हता.

नंदुरबार शहर विजयकुमार गावितांचं. १९९५ ला अपक्ष म्हणून आमदार झाले, मग राष्ट्रवादी, मग भाजप; पक्ष बदलत गेले, मतदारसंघ सुटला नाही. २०१४ ला ते राष्ट्रवादीचे आमदार असताना त्यांची मुलगी डॉ. हीना गावित भाजपकडून लोकसभेला उभी राहिली. वय २६. समोर माणिकराव, वयाच्या ऐंशीला टेकलेले. त्या १ लाख ६ हजारांनी जिंकल्या. २०१९ ला पुन्हा जिंकल्या, तेव्हा समोर के. सी. पाडवी होते, फरक ९५ हजारांवर आला. २०२४ ला पाडवींचा मुलगा, वकिली करणारा गोवाल पाडवी, उभा राहिला आणि हीना गावित पडल्या. गावित, पाडवी, वळवी, वसावे, नाईक, पावरा : अर्धा मतदारसंघ या सहा आडनावांत मावतो. बाहेरून आलेल्या वार्ताहराची पंचाईत होते. ‘गावित आघाडीवर’ असं लिहून भागत नाही, कोणते गावित ते सांगावं लागतं. आणि दोन गावित एकमेकांचे कोणी लागत असतील असंही नाही.

२०२४ च्या प्रचारात मतदानाच्या आधल्या आठवड्यात पंतप्रधानांची सभा इथे झाली, पाठोपाठ प्रियांका गांधींची. इंदिरा गांधी प्रचाराची सुरुवात नंदुरबारपासून करायच्या, हे इथल्या काँग्रेसवाल्याला पाळण्यातच शिकवत असावेत, प्रत्येकाने सांगितलं. भाजपचा कार्यकर्ता या विषयावर थंड होता. “सभेला गर्दी दोघांच्याही झाली,” तो म्हणाला. “माणसं तीच होती.” महायुतीतले मित्रपक्ष आतून दुसऱ्याचंच काम करत होते, असंही त्याने सुनावलं. अशा गोष्टींचा पुरावा कधी मिळत नाही, आणि पराभूत बाजूला त्या आठवल्यावाचून राहवतही नाही.

रात्री जेवायच्या आधी माणिक चौकात शिरीषकुमारच्या स्मारकापाशी गेलो. ९ सप्टेंबर १९४२ ला झेंडा घेऊन निघालेल्या या शाळकरी मुलाला पोलिसांनी गोळी घातली. मिरवणुकीतली पोरांची घोषणा गुजरातीतली होती. भाषेवरून हद्दी आखायच्या झाल्या तर या गावात बाकड्यावरच्या रेघेसारख्या रेघा घरोघर माराव्या लागतील.

बुधवार : प्रकाशे, शहादा

प्रकाशे गावच्या पुलावरून तापी ओलांडली की जमीन बदलते. काळी, सपाट, पाण्याची. केळी, पपई, ऊस. शहाद्याचा गुजर शेतकरी महाराष्ट्रातल्या कुठल्याही बागायतदाराच्या तोडीचा आहे. पी. के. अण्णा पाटलांनी इथे सहकारी साखर कारखाना उभा केला; पुरुषोत्तमनगर ही त्यांच्याच नावाची वसाहत. हा झाला शहाद्याचा एक इतिहास. दुसरा त्याच शेतांच्या बांधावर घडला.

या जमिनींचा मोठा हिस्सा एकेकाळी भिल्लांचा होता. कर्ज, गहाण, दारू, अंगठा अशा ओळखीच्या वाटेने तो गेला, आणि मूळ मालक त्याच जमिनीवर सालदार झाला, म्हणजे वर्षाच्या ठरावीक धान्यावर बांधलेला गडी. १९७१ मध्ये, दुष्काळाच्या तोंडावर, पाटीलवाडीला धान्यावरून जमलेल्या आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. अंबरसिंग महाराज नावाचा भिल्ल कार्यकर्ता तेव्हा लोकांना संघटित करत होता. १९७२ च्या जानेवारीत शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. शहरांतून शिकलेली पोरं येऊन राहिली आणि श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग १९७४ ला वारले, त्यांना फार वर्षं मिळाली नाहीत. पण त्याच साली आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्यात झाला. गावोगावच्या बायांनी दारूचे गुत्ते फोडले. कामाचे तास आणि मजुरी ठरवून घेण्याची भाषा इथे पहिल्यांदा बोलली गेली.

एवढं मोठं आंदोलन होऊनही लोकसभेला मत काँग्रेसलाच जात राहिलं. आधी गाय-वासरावर, मग पंजावर. हे कोडं मला या प्रवासात सगळ्यात जास्त छळत होतं. शहाद्यात त्या काळात मोर्च्यांत चाललेल्या, आता सत्तरीपुढच्या एका आबांना विचारलं. सालदारकीत वाढलेला माणूस. त्यांनी मला असं पाहिलं, की शिकलेल्याला एवढंही कळू नये. “पाटील कोणाच्या विरोधात होता? आमच्या. कायदा कोणी केला? सरकारनं. सरकार कोणाचं? बाईचं. मंग मत कोणाला देयाचं?” पाटीलही काँग्रेसचाच होता की, मी म्हटलं. “व्हता ना. पण पाटलाच्या वर बाई व्हती.” मोर्चा पाटलाशी, मत बाईला, म्हणजे इंदिरा गांधींना. बागायतदार आणि सालदार दोघे एकाच चिन्हावर शिक्का मारत, पण एकाच कारणासाठी नव्हे. हे समजायला आबांना एकही पुस्तक लागलं नव्हतं, आणि मला शहाद्यापर्यंत यावं लागलं.

दिल्लीतल्या ‘बाई’ची गोष्ट पुढेही चालली. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड या जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, मनमोहन सिंग आणि सोनिया गांधींच्या हस्ते. त्यासाठी रातोरात रस्ता झाला, दिवे लागले. नंतर काय झालं, हे आबांनी अहिराणीत उरकलं : “कार्ड भेटनं. काम नही भेटनं.”

गुरुवार : शिरपूर

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने पूर्वेला शिरपूर. या मतदारसंघातलं सगळ्यात टापटीप गाव. रुंद रस्ते, कॉलेजं, कापडगिरणी. सगळीकडे एकच नाव कानावर येतं, अमरिशभाई पटेल. ते इथून आमदार होत. २००९ ला शिरपूर अनुसूचित जमातींसाठी राखीव झालं आणि अमरिशभाईंना उभं राहता येईना. तेव्हापासून काशिराम पावरा निवडून येतात, आधी काँग्रेसकडून. २०१९ ला अमरिशभाई भाजपमध्ये गेले. पावरा भाजपचे आमदार झाले. लोक म्हणतात, भाईंनी सांगितलं की झालं.

एवढ्यावर शिरपूरचा आदिवासी मतदार भाईंच्या खिशात आहे असं म्हणून पुढे जाता आलं असतं. पण गावाबाहेर एका नाल्यापाशी थांबलो. खोल आणि रुंद केलेला नाला, दर थोड्या अंतरावर सिमेंटचा बंधारा, जानेवारीतही पाणी उभं. भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांनी बसवलेला हाच तो शिरपूर पॅटर्न : गाळाचा चिकणमातीचा थर फोडायचा, पाणी खालच्या वाळूत जिरवायचं, बंधाऱ्याला दार ठेवायचं नाही. पलीकडच्या शेतात एक पावरा कुटुंब कापसाची शेवटची वेचणी करत होतं. विहिरीचं पाणी कुठे लागतं, विचारलं. शेतकऱ्याने हाताने दाखवलं, कमरेएवढं वर आलंय म्हणून. “मग मत भाईला का देता, विचारायलाच नको,” मी म्हटलं. तो म्हणाला, “भाई उभा नसतो. आमचाच माणूस उभा असतो.” हे त्याने तक्रारीने म्हटलं की समाधानाने, मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही. पाणी खरं आहे, आणि ते कोणी द्यायचं हे तिसऱ्याच माणसाच्या हातात आहे, हेही खरं आहे.

शुक्रवार : तळोदा, अक्कलकुवा, मोलगी

परत पश्चिमेकडे. तळोद्याजवळ सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या वसाहती आहेत. नर्मदेच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, सगळी अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. त्यांना जागा देण्यासाठी तळोद्यातलं वनक्षेत्र मोकळं केलं गेलं, आणि त्या जंगलात आधीपासून कसणाऱ्या आदिवासींशी नवा वाद लागला. पहाडावर नात्यातले असलेले लोक सपाटीवर एकमेकांचे प्रतिवादी झाले.

एका वसाहतीत घराच्या आढ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी एका दादांनी माझ्यासाठी खाली काढली. आत आधार, मतदार ओळखपत्र, सातबाऱ्याच्या झेरॉक्स आणि सगळ्यांत खाली, घडीवर घडी पडून फाटत आलेली, एक पिवळट पावती. वनखात्याने त्यांच्या वडिलांना जंगलात नांगर धरल्याबद्दल केलेल्या दंडाची. ती पावती म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा पुरावा. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं, आणि कसत होतो म्हणूनच दंड झाला ना! ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवलं, त्याच कागदावर मुलगा मालक ठरू पाहतोय. दादांनी ती पावती मला हातात दिली नाही. दोन बोटांत धरून दाखवली आणि पुन्हा घडी घातली.

कुठल्या पक्षाला मत, हे त्यांनी सांगितलं नाही. “दाव्याचं जो विचारील त्याला,” म्हणाले. पण प्रत्येकजण विचारतो. निवडणुकीत सगळेच वनपट्टे देणार असतात. मी हे म्हटल्यावर ते शांतपणे म्हणाले, “हो. म्हणून एकदा याला, एकदा त्याला.” नंदुरबारच्या दोन्ही निकालांचं याहून नेमकं स्पष्टीकरण मला दिल्लीतल्या कुठल्याही चर्चेत मिळालेलं नाही.

अक्कलकुव्यापासून देवगोईचा घाट चढून मोलगी. जीपमध्ये किती माणसं बसतात याचं उत्तर इथे नेहमी ‘अजून एक’ असतं. मोलगीत अक्कलकुव्याच्या निकालाची चर्चा अजून गरम होती. के. सी. पाडवी इथले सात वेळचे आमदार, आघाडी सरकारात आदिवासी विकासमंत्री. जूनमध्ये मुलगा दणक्यात खासदार झाला आणि नोव्हेंबरात बाप पडला, तीनेक हजार मतांनी. जिंकले शिंदेसेनेचे आमश्या पाडवी. भाजप सोडून अपक्ष उभ्या राहिलेल्या हीना गावित तिसऱ्या. “पोराला दिलं, बापाला कशाला?” असं एका पोराने मला विचारलं. वय वीस-बावीस, नाशिकला नर्सिंग शिकणारा. एका घरात दोन पदं नकोत, हे त्याला इतकं उघड वाटत होतं की मी प्रश्न विचारला याचंच त्याला नवल.

घराणेशाहीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. इथे घराणी आहेतच. गावित, पाडवी, नाईक, कोणतंही दार ठोठावा. पण मतदार त्यांना रेशनिंगप्रमाणे वापरतो. एकाला जास्त झालं की दुसऱ्याकडे वळवतो. पक्ष त्याच्या हिशोबात तिसऱ्या-चौथ्या रकान्यात येतो.

शनिवार : धडगाव, नर्मदेकाठ

धडगाव हे अक्राणी तालुक्याचं ठिकाण. लोकसंख्येत पंचाण्णवहून जास्त टक्के आदिवासी. डोंगर उघडे, घरं विखुरलेली, एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर हाक ऐकू येते पण पोचायला तास लागतो. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून खांद्यावर आणतात. वर्तमानपत्रांनी त्याला ‘बांबूलन्स’ असं नाव ठेवलंय. इथल्या माणसाला ते विनोदी वाटत नाही.

धडगावहून नर्मदेकडे उतरलो, भूषाला. इथून पुढे रस्ता म्हणजे पाणी. काठावरच्या पाड्यांना दवाखाना बोटीने येतो, रेशन बोटीने, आणि निवडणुकीत मतदान यंत्रही बोटीने. मणिबेली-चिमलखेडीकडची पथकं आदल्या दिवशी निघतात. फोनला रेंज नाही. अशा केंद्रांना निवडणूक खातं ‘शॅडो झोन’ म्हणतं आणि निरोपासाठी वायरलेस देतं. बोटवाल्या दादांनी अशी पथकं नेली होती. “मास्तरं घाबरतात,” ते म्हणाले. “जॅकेट घालून मशीन पोटाशी धरून बसतात. मशीनलाही जॅकेट घातलं पाहिजे.”

मणिबेली १९९३-९४ च्या सुमारास जगभर गाजली. गाव पाण्यात जाताना लोक हटले नाहीत, जागतिक बँकेने धरणातून अंग काढलं, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ बुडालं. नर्मदा बचाओ आंदोलनाने या काठांवर जीवनशाळा काढल्या. त्यांतून शिकलेली पोरं आज ग्रामसभेत कायद्याची कलमं सांगतात. धरण मात्र थांबलं नाही, उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेली. बुडालेल्या गावांतले काही लोक तळोद्याला गेले, काही वर सरकून डोंगरावरच राहिले. घराघरांत वाटणी झाली : एक भाऊ पुनर्वसनात, एक काठावर. मतदारही वाटले गेले.

या अशा मुलुखात २०२४ च्या मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, मतदान सत्तर टक्क्यांवर गेलं. त्याच दिवशी मत देणाऱ्या पुण्यात ते निम्म्याच्या जरासं वर कसंबसं गेलं. डोळे झाकून मत देणारे म्हणून पुण्यात ज्यांची टिंगल होते, ते टेकड्या उतरून रांगेत उभे होते. हे मी बोटवाल्याला सांगितलं तर त्याला पुण्याचं काही पडलेलं नव्हतं. त्याची तक्रार वेगळी : निवडणुकीच्या फेऱ्यांचं डिझेलचं बिल किती महिने लोंबकळलं, ही.

परतीच्या जीपमध्ये जिल्हा परिषदेवरून वाद जुंपला. त्या महिन्यात मुदत संपत होती, नवी निवडणूक कधी, कोणाला सांगता येईना. मागच्या बाकावरचे तिघे तीन पक्षांची नावं घेत होते. एका ताईंनी बचत गटाच्या अध्यक्षबाई उभ्या राहणार असल्याचं जाहीर करून टाकलं, त्यावर दोघे हसले, त्यावर त्या चिडल्या. कोणत्या चिन्हावर? ते अजून ठरलेलं नव्हतं. ड्रायव्हरने आरशात बघत सगळ्यांना गप्प केलं : “आधी आरक्षण निघू द्या. बाई निघाली तर ताईची, नाही तर कोणाची तरी. पक्ष काय, धडगावात कधीपण भेटतो.”